गटारात लिंबं सोडणारे साहेब

कुणाच्याही घरी गेले की साहेब आधी मोरी विचारत. आलेल्यानं पाय धुवावेत, पाणी प्यावं, मुलाबाळांची खुशाली विचारावी, ही जगाची रीत. साहेब वहाणा काढता काढताच म्हणत, "मोरी कुठंय?" घरच्या बाईला वाटे, गृहस्थांना घाईची लागली असेल. ती लगबगीनं बोट दाखवी. साहेब आत जाऊन तांब्याभर पाणी मोरीत ओतत, धोतर सावरून उकिडवे बसत आणि ते पाणी कुठं जातं ते टक लावून बघत. पाणी वाट धरून भिंतीच्या भोकातून मुकाट बाहेर गेलं की उठून म्हणत, "छान. आता चहा टाका." कोपऱ्यात थबकून राहिलं, तर त्या घरचा चहा ते घेत नसत. नाकारत मात्र इतक्या नम्रपणे, की आपलं काय चुकलं हे लोकांना कळतच नसे.

हे साहेब आमच्या गावच्या म्युनिसिपालटीत ओव्हरसियर होते. गाव बारामतीच्या बाजूचं, पाटाच्या पाण्यावर जगणारं. नाव मुद्दाम घेत नाही, कारण ह्या गोष्टीतल्या माणसांची नातवंडं अजून मला वाटेत भेटतात आणि वाकून नमस्कार करतात. पन्नास सालानंतरचे ते दिवस. रस्ते, नळ आणि गटारं ही तिन्ही खाती साहेबांच्या एकट्याच्या गळ्यात होती. मी त्याच म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात बाळंतपणाची नर्स होते. त्यांना लोक साहेब म्हणत आणि मला बाई.

खाकी कोट, गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, काळी टोपी आणि कोटाचे दोन्ही खिसे कायम फुगलेले. अंगाला फिनेलचा आणि लिंबाचा मिळून एक वास येई. रस्त्याच्या मधोमध चाललेलं त्यांना कुणी पाहिलं नाही. ते नेहमी कडेनं, गटाराला धरून चालत आणि डोळे खाली. समोरून कोण आलं ते त्यांना पायांवरून ओळखू येई. पाऊस उघडला की सगळं गाव घरात अंग पुसत बसे, आणि हे चुन्याची बादली घेऊन बाहेर पडत. जिथं जिथं डबकं साचलं असेल तिथं त्याच्या काठानं चुन्याची रेघ ओढायची. डबकं आटलं तरी रेघ राही आणि मग मुरूम कुठं टाकायचा ते मुकादमाला सांगावं लागत नसे. त्या पांढऱ्या रेघांच्या आत उभं राहून पोरं लंगडी खेळत.

त्यांची एक म्हण होती. म्हण कसली, त्यांनीच पाडलेली. "माणसाची बैठक बघून काय कळतं? त्याचं सांडपाणी बघा." मुलीचं लग्नसुद्धा त्यांनी तसंच जमवलं. स्थळ इंदापूरचं होतं. मुलगा साखर कारखान्यावर नोकरीला, कडक इस्त्रीचा सदरा घालून पाटावर बसलेला. साहेबांनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. मोरी बघितली, परसात जाऊन शोषखड्डा बघितला, बाहेर आले आणि म्हणाले, "आमची पसंती आहे." घरी बायकोनं विचारलं, "अहो, मुलगा तरी कसा आहे?" तर म्हणाले, "मुलगा काय, होईल चांगला. बांधलेली मोरी बदलत नाही." त्यांची बायको हे मला सांगताना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. जावई पुढं खरंच चांगला निघाला, तो भाग वेगळा.

आमची ओळख झाली ती एका लाकडी नळीवरून. पोटातल्या मुलाचे ठोके ऐकायला आमच्याकडं कर्ण्याच्या आकाराची एक लहान नळी असते. रुंद तोंड बाईच्या पोटावर टेकवायचं आणि दुसऱ्या टोकाला आपला कान. साहेब एकदा पायाच्या गळवाला पट्टी बांधून घ्यायला दवाखान्यात आले आणि टेबलावरची ती नळी हातात घेऊन बसले. पट्टी बांधून झाली तरी उठेनात.

"बाई, ह्यातून किती खोल ऐकू येतं?"

"मूल असेल तितकं."

"हात-दीड हात मातीखालचं येईल?"

मी म्हटलं, "मातीखाली मूल कुठनं येणार?"

"मूल नाही हो. गळका नळ."

तोवर ते लोखंडी कांब जमिनीला टेकवून कानानं गळती शोधत असत. पहाटे रस्त्यात ओणवं होऊन कांबेला कान लावलेला हा माणूस बघून परगावचे लोक दचकत. माझी नळी त्यांनी मागून नेली, सुताराकडून तशीच मोठी करून घेतली आणि माझी घासूनपुसून परत आणून दिली. पुढं एकदा भर बाजारपेठेत त्यांनी वरातीचा बँड थांबवला. नवरा घोड्यावर, बायका-करवल्या नटलेल्या, आणि साहेब रस्त्यात नळीला कान लावून हात वर करून म्हणताहेत, "जरा थांबा, ऐकू येत नाही." नवऱ्याचा मामा अंगावर धावून आला. साहेब वर न बघता म्हणाले, "खाली गावाचं पाणी चाललंय वाहून, आणि तुम्ही वर नाचताय." गळती तिथंच सापडली. त्या मामानंच मग दुसऱ्या दिवशी आपल्या गल्लीत नळ मागायला अर्ज केला.

आता लिंबांचं सांगते. गटाराला ढाळ लागतो. ढाळ म्हणजे उतार, इतका बारीक की डोळ्यांना दिसत नाही, पाण्यालाच कळतो. तो बरोबर आहे का हे बघायला साहेब गटाराच्या वरच्या तोंडाला काहीतरी तरंगतं सोडत आणि खालच्या तोंडाला, नदीकडं, जाऊन बसत. पूर्वी इंदापूरकडं होते तेव्हा शेंगांची टरफलं सोडून पाहिली, ती गाळावरूनही सरकत जातात. कोबीची पानं शेळ्यांनी खाल्ली. बाटलीची बुचं पोरांनी पळवली. मग त्यांना लिंबू सुचलं. ताजं लिंबू बुडतं, पण माळ्यावर वाळवलेलं अर्धं पाण्यात बुडून अर्धं वर राहतं, त्यामुळं गाळ असला तरी अडकतं आणि ढाळ नसला तरी थांबतं. आणि मुख्य म्हणजे, रस्त्यात पडलेल्या लिंबाला आपल्याकडं कुणी हात लावत नाही. ह्या शोधावर साहेब बेहद्द खूश होते. सणसरकडून बाजाराला येणाऱ्या बागाईतदाराचा उरलेला माल ते उचलत आणि माळ्यावर पसरून ठेवत.

कुठलं लिंबू कुठल्या गटारातून आलं हे ओळखायला हवं, म्हणून प्रत्येकावर रंगाचा ठिपका. आमच्या गल्लीच्या वाट्याला लाल रंग आला. का, तर त्या वेळी म्युनिसिपालटीच्या कोठीत लालच रंग उरला होता.

वाळलेलं लिंबू, त्यावर लाल ठिपका, आणि तेही भल्या पहाटे सोडलेलं. हा उद्योग काय दिसेल, हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नाही. गावाचं पाणी कुठून कुठं जातं ते सारं त्यांना ठाऊक होतं, गावातलं बोलणं कुठून कुठं जातं त्याचा मात्र पत्ता नव्हता.

मी त्या गल्लीत एकटी राहत होते. माझं सासर सुप्याकडचं. लग्नानंतर थोड्याच काळात यजमान विषमज्वरानं गेले. वडिलांनी हट्टानं मला पुण्याला नर्सिंगला घातलं म्हणून ही नोकरी तरी मिळाली, आणि ती कच्ची होती. वर्ष सरलं की कमिटी बसणार, बाईंकडं बाळंतपणं किती येतात ते बघणार आणि जागा ठेवायची की मोडायची ते ठरवणार. वडील तोवर गेले होते. जागा मोडली असती तर मला सुप्याला दिराच्या घरी जावं लागलं असतं. तिथं कुणी छळलं असतं असं नाही. दोन वेळा जेवायला मिळालं असतं. पण चुलीपुढं बसलेल्या विधवेला त्या घरात कुणी हाकसुद्धा मारत नसे, भांडं वाजलं की ती आहे एवढंच कळे. मला त्याची फार भीती वाटे.

सुरुवात बरी झाली होती. आणि मग एका सकाळी शेजारच्या सोनूबाईंनी हाक मारली. सोनूबाई म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. त्यांचा शब्द गल्लीत मोडत नसे.

"बाई, तुमच्या दारापुढं गटारीत लिंबू हाय. लाल टिपका हाय त्येला."

"असेल पडलं कुणाचं," मी म्हटलं.

"असं लिंबू पडत न्हाय, बाई. टाकावं लागतं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा लिंबू. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सोनूबाई चिमट्यानं उचलून मीठ-मिरच्यांबरोबर जाळत. मिरच्यांच्या धुरानं गल्ली खोकत बसे. आधी सगळ्यांना वाटलं, माझ्यावर कुणीतरी करणी करतंय, आणि मला सहानुभूती मिळाली. मग हळूहळू बोलणं फिरलं. करणी इतके दिवस चालतेय तर हिला काही होत कसं नाही? तरणी विधवा, एकटी राहते, वेळी-अवेळी बाहेर जाते, हिचं सगळं काम रक्ताचं आणि नाळेचं. हीच तर काही करत नसेल?

गल्लीत एका घरी बाळ दगावलं. मला बोलावलंच नव्हतं, मी त्या घराचा उंबरा चढले नव्हते. तरी नाव माझंच आलं. "बोलावलं न्हाय म्हनून तिनं डाव धरला," असं पाणवठ्यावर कुणी म्हटल्याचं माझ्या कानावर आलं. त्यानंतर दवाखान्यात बाळंतपणाला कुणी येईना. पोटुशी बाई मला बघून पदर पुढं ओढायची आणि पलीकडच्या बाजूनं जायची. मी रोज दवाखाना उघडायची, कात्र्या उकळायची, पांढरे कपडे उन्हात घालायची आणि संध्याकाळी ते सगळं तसंच कपाटात ठेवायची. घरी येऊन रडायची. हे लिहायला आज लाज वाटत नाही.

शेवटी मी राजीनामा द्यायचं ठरवलं. जागा मोडण्याआधी आपणच गेलेलं बरं. अध्यक्षांच्या खोलीत गेले तर साहेब तिथंच कसल्याशा नळाबद्दल वाद घालत उभे होते. अध्यक्ष गुळाचे अडते, बोलायला मऊ. मी त्यांना सगळं सांगितलं. लिंबाचं सांगितलं, लाल ठिपक्याचं सांगितलं, बाळाचं सांगितलं.

साहेबांनी मान वर केली. "कुठं थांबतं?"

"काय?"

"लिंबू. नेमकं कुठं थांबतं? तुमच्या दाराच्या अलीकडं का पलीकडं?"

"अगदी दारापुढं," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उजळला. खरंच सांगते, कुणाला हरवलेलं पोर सापडावं तसा उजळला. "म्हणजे अडतंय ते तिथं. आणि मी खाली नदीवर बसून वाट बघतोय. लाल लिंबू येतच नाही. सगळ्या गल्ल्यांची येतात, तुमची येत नाहीत. वर येऊन बघावं तर गटारात लिंबाचा पत्ता नाही. मला वाटलं, तुमच्या गल्लीत कुणीतरी लोणचं घालतंय."

त्या क्षणी टेबलावरची शाईची दौत उचलून त्यांच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं. इतके आठवडे मी ज्यापायी मरणयातना भोगत होते, ती करणी ह्या गृहस्थाच्या माळ्यावर वाळत पडली होती. मी काय बोलले ते आठवत नाही, पण मोठ्यानं बोलले. बाहेरचा शिपाई आत डोकावला.

साहेब हळूहळू खुर्चीवर बसले. चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते कळलं नाही. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाई, मी फार वाईट केलं."

अध्यक्षांनी मध्येच सांभाळून घेतलं. "असू द्या. झालं ते झालं. साहेब, लिंबं सोडायची आजपासून बंद करा. लोक चार दिवसांत विसरतील."

"लिंबं विसरतील," साहेब म्हणाले. "बाईंचं बोललेलं विसरणार नाहीत."

"मग काय करता?"

"गल्लीत जाऊन सांगतो. लिंबं माझी, आणि ती बाईंच्या दारात थांबतात कारण तिथं ढाळ चुकलाय."

अध्यक्षांचा आवाज थोडा कमी मऊ झाला. ते गटार नवीन होतं, फरशीचं. साहेबांनीच उभं राहून करून घेतलेलं. त्याचा समारंभ झाला होता, अध्यक्षांनी नारळ फोडला होता, साहेबांचं भाषणात नाव घेतलं होतं आणि त्यांच्या बढतीची शिफारस वर गेली होती. "चुकलंय म्हणता? मग शिफारशीचं काय? अन् आमच्या अब्रूचं काय? गुपचूप दुरुस्त करा की राव."

"गुपचूप दुरुस्त केलं तर लिंबं थांबायची थांबतील," साहेब म्हणाले, "आणि लोक म्हणतील, बाईंनी करणी आवरती घेतली."

हे मलासुद्धा सुचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी गावात दवंडी फिरली. दवंडीवाला हलगीवर टिपरू मारून ओरडत होता, "ऐका हो ऐका, उद्या सकाळी उन्हं आल्यावर वरसेर सायेब गटारीत लिंबं सोडनार हायती, समद्यांनी बघाया यावं हो." मी दार लावून घरात बसले. म्हटलं, आता उरलीसुरली शोभाही होणार.

सकाळी गल्ली माणसांनी भरली. एवढी गर्दी तमाशालाही झाली नसती. साहेबांनी टोपलीतून लिंबं काढली आणि सोनूबाईंच्या नवऱ्यापुढं धरली. त्यांना सगळे आबा म्हणत. "आबा, तुम्ही सोडा. माझ्या हातून नको."

आबा मागं सरकले. "मला न्हाय जमायचं."

"माझ्या घरच्या माळ्यावरची आहेत. रंग मी लावलाय. हे बघा, बोटं."

त्यांची बोटं खरंच लाल होती. आबांनी बोटांकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, देवाचं नाव घेतलं आणि लिंबं सोडली. मुकादमानं वरून पाणी सोडलं. लिंबं निघाली आणि त्यांच्या कडेकडेनं सारी गल्ली निघाली. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. पुढं लिंबं, मागं माणसं. माझ्या दारापाशी आली आणि थांबली. एकूण एक थांबली.

गर्दीतून आवाज आला, "बघा, तिच्याच दारात."

हे असं होणार हे साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं की काय? ते मात्र ह्याचीच वाट बघत असल्यासारखे उभे होते. त्यांनी मुकादमाच्या हातून पहार घेतली आणि माझ्या दारापुढची, गटाराच्या तळाची फरशी स्वतः उचकटायला लागले. मुकादम म्हणाला, "सायेब, आना हिकडं, मी काढतो." ते म्हणाले, "नको. बसवताना मी होतो, काढतानाही मीच." फरशी निघाली तशी तिच्यामागं महिनोन्महिने तुंबलेलं काळं पाणी सुटलं. नाकाला पदर लागले. पाण्याबरोबर लिंबं हलली, भोवरा घेतला आणि एकामागून एक खाली नदीकडं निघून गेली. कुणीही हात लावला नव्हता.

साहेब चिखलात उभे होते. कोटावर शिंतोडे उडालेले. ते म्हणाले, "ही फरशी उंच बसलीय. ढाळ उलटा झालाय. हे काम माझ्या हातचं. बाईंच्या दारात करणी नाही, माझी चूक साचलीय. इतके आठवडे मी लिंबांवर संशय घेतला, गाळावर घेतला, तुमच्यावर घेतला. स्वतःवर घेतला नाही."

मग आबा म्हणाले, "म्हंजे वरीसभर आमी नाक दाबून बसलो, डास मारीत, ते तुमच्यापायी व्हय?"

"होय, आबा."

"आन आमच्या म्हातारीनं घरातल्या समद्या मिरच्या जाळल्या."

हसू फुटलं. मीही आत हसले, आणि हसता हसता रडले.

त्याची किंमत साहेबांना मोजावी लागली. बढतीची शिफारस परत आली. वरून चौकशी झाली, ठपका आला, आणि ते शेवटपर्यंत ओव्हरसियरच राहिले. ह्याबद्दल ते कधी एक अक्षर बोलले नाहीत. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "फरशी नीट बसलीय ना आता? झालं तर."

पण माझा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. लिंबाला हसणं वेगळं आणि आपली पहिलटकरीण सून कुणाच्या हाती देणं वेगळं. लोक आता माझ्याशी बोलत, चहाला बोलावत. बाळंतपणाला मात्र कुणी बोलावेना. कशाला उगीच, हा विचार माणसाच्या मनातून लवकर जात नाही. कमिटीची बैठक तोंडावर आली.

अशात एका सकाळी दवाखान्यापुढं टांगा थांबला. साहेब, त्यांची बायको आणि दिवस भरलेली मुलगी. बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं नाव पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात घातलंय हे मला त्यांच्या बायकोनंच पूर्वी सांगितलं होतं. इंदापूरच्या व्याह्यांनी मुद्दाम ओळख काढून घातलेलं.

साहेब म्हणाले, "हिला तपासा. बाळंतपण इथंच करायचं. पुण्याचं रद्द केलंय."

मी त्यांना बाजूला घेतलं. मला रागच आला होता. "साहेब, तुम्ही मुलीला पणाला लावताय. माझी नोकरी राहावी म्हणून असलं काही करू नका. जड गेलं तर मी स्वतःला क्षमा करणार नाही, आणि तुम्हांलाही नाही."

"पणाला लावत नाही," ते म्हणाले. "ज्या दिवशी तुम्ही माझ्या पायाला पट्टी बांधलीत, त्या दिवशी मी आत जाऊन तुमच्या दवाखान्याची मोरी बघून आलो होतो. पाणी एक थेंब थांबलं नाही. जिची मोरी अशी, तिचे हात कसे असतील ते मला कळतं."

मुलगी टांग्यातूनच म्हणाली, "बाई, बाबांनी नाही, मीच सांगितलं इथं करायचं म्हणून. आई सगळं बोलली मला." मग हसून म्हणाली, "आता तपासता का? मला बसवत नाही."

तिचं बाळंतपण सोपं झालं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. थोड्याच दिवसांनी एका सकाळी कळा सुरू झाल्या आणि मला घरी बोलावणं आलं. मी त्यांच्या घरी गेले तर मूल पायाळू. पायांकडून येतंय हे हाताला लागलं. दवाखान्याचे डॉक्टर बाहेरगावी गेलेले, पुणं लांब. बाहेर ओटीवर आमच्या गल्लीतल्या बायका येऊन बसल्या होत्या. कुणी काही बोलत नव्हतं. मला त्यांची चाहूल दाराच्या आडूनही जाणवत होती. मी मनाला म्हटलं, आता बाहेरचं काही ऐकायचं नाही. पुण्याच्या आमच्या मेट्रन सांगायच्या, पायाळू मुलाला ओढायचं नाही, त्याला त्याच्या वाटेनं येऊ द्यायचं, आपण नुसता आधार द्यायचा. तेवढंच धरून बसले. साहेबांची बायको मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि एकदाही मला म्हणाली नाही की "बाई, काही होणार नाही ना?" तिच्या त्या गप्प बसण्याचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही.

दुपार कलताना मूल आलं. निळसर होतं, रडेना. पाठ चोळली, तोंड पुसलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या. मग ते रडलं. इतक्या मोठ्यानं रडलं की बाहेरच्या बायका एकदम बोलायला लागल्या. मुलगी होती. पुढं ती शाळेत शिक्षिका झाली. वर्गात आवाज चढवावा लागत नाही म्हणते.

मी हात धुऊन बाहेर आले. साहेब घरात नव्हते. कोपऱ्यावर, गटाराच्या कडेला, आमच्याकडं पाठ करून उभे होते. मुकादम त्यांना काहीतरी विचारत होता आणि त्यांना ते ऐकू येत नव्हतं. मी जवळ जाऊन म्हटलं, "नात झाली, साहेब. दोघी बऱ्या आहेत." त्यांनी मान हलवली. मग मला हात जोडले. त्यांच्यापेक्षा मी वयानं किती लहान. मीही जोडले. तसे आम्ही भर रस्त्यात हात जोडून उभे राहिलो आणि मुकादमाला कुठं बघावं ते कळेना.

पुढं माझ्या हातून त्या गावात कितीतरी मुलं जन्मली. लोक म्हणतात, बाईंनी गावाची पोरं वाचवली. मी त्यांना सांगते, जन्माला मी आणली. जगवली साहेबांनी. गटारं वाहती ठेवली, विहिरींत लाल औषध टाकताना बायकांच्या शिव्या खाल्ल्या, पटकीच्या दिवसांत घरोघर जाऊन मोऱ्या बघितल्या. आजूबाजूच्या गावांत पोरं हगवणीनं जात असताना आमच्याकडं ती क्वचित गेली. माझ्यापुरतं म्हणाल तर माझं सारं आयुष्य त्यांचं देणं आहे.

त्या दुपारी मी ओटीवर परतले तर सोनूबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागं, अर्धवट पदराआड, त्यांची धाकटी सून. ज्या घरी बाळ दगावलं ते त्यांच्या थोरल्या लेकाचं घर. सोनूबाईंनी माझ्याकडं नीट बघितलं नाही. सुनेचा हात धरून पुढं केला.

"बाई, हिला पाचवा म्हयना लागलाय. आज बघता का, का दमलाय तर उद्याच्याला येऊ?"

"आत्ताच बघते," मी म्हटलं.

कमिटीनं माझी जागा पक्की केली. त्या दिवाळीला मी सुप्याला गेले. दिरांनी स्वतः पिशवी हातातून घेतली. जाऊबाईंनी मला चुलीपुढं जाऊ दिलं नाही, बाहेर घोंगडी अंथरून बसवलं आणि विचारलं, "राहणार ना महिनाभर?"

"नाही हो," मी म्हटलं. "उद्याच निघते. माझ्या बायका खोळंबल्यात."